‘सरबत’ वाचण्याआधी ऐकलेलं असावं लागतं

मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, असं आपण मुलांना पहिलीपासून सांगत आलो आहोत. हे अर्धंच खरं आहे. ‘सरबत’ हा शब्द घ्या. कागदावर चार अक्षरं, चारही अकारान्त. तोंडाने मात्र आपण सर्-बत् म्हणतो. ‘र’मधला अ गेला, ‘त’मधलाही गेला. कुठला अ गाळायचा याची खूण लिपीत कुठेच नाही. ‘बदक’मधल्या ‘द’चा अ राहतो, ‘चमचा’मधल्या ‘म’चा जातो. मराठी घरातल्या मुलाला हे कुणी शिकवावं लागत नाही. शब्द कानात आधीच बसलेला असतो, त्यामुळे अक्षरं जुळवता जुळवता अर्ध्या वाटेवर कान मदतीला येतो.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या पहिलीच्या मुलाचं तसं नसतं. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी, घरात सगळं बोलणं तेलुगूत. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे अनेक घरांत हीच गोष्ट कन्नडची. या दोन्ही भाषांतले बहुतेक शब्द स्वरानेच संपतात, आणि त्यांच्या लिपीत लिहिलेला अ उच्चारलाही जातो. असं मूल ‘सरबत’ची चारही अक्षरं स्वच्छ, सुटी वाचतं आणि त्याला ‘चुकलं’ असं ऐकावं लागतं. खरं तर पानावर जे होतं तेच त्याने वाचलेलं असतं. तो शब्द कधी कानावरून गेलेला नसतो, एवढीच अडचण.

वाचनाच्या अभ्यासात गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये एक साधी मांडणी केली. अक्षरं ओळखून शब्द उच्चारता येणं आणि ती भाषा ऐकून समजणं, या दोहोंचा गुणाकार म्हणजे वाचन. गुणाकार म्हटल्यामुळे एक बाजू शून्य असली की उत्तरही शून्यच येतं. आपल्या शाळांत ही दुसरी बाजू फार वेळा नजरेआड होते. मूल पाठ घडाघडा वाचतं, बाई खूश होतात, आणि ‘मग पुढे कोण आलं?’ असं विचारलं की वर्ग गप्प. मराठी लिपीत तर, ‘सरबत’सारख्या शब्दांमुळे, पहिली बाजूसुद्धा दुसरीवर टेकलेली आहे.

व्याकरणाचंही तसंच. कन्नडमध्ये भिंत, दगड, दार या सगळ्या निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी असतात, सगळ्यांना ‘अदु’, म्हणजे ‘ते’. तेलुगूत वस्तूला ‘अदि’, आणि एकेरीत बाईलाही ‘अदि’च. मराठीत मात्र तो दगड, ती भिंत, ते दार. वर पांढरा, पांढरी, पांढरं. मूल ‘भिंत पडलं’ म्हणतं तेव्हा ते घरचा नियम नीट लावत असतं. अशा वेळी ‘हो का, भिंत पडली? कधी पडली?’ असं बरोबर रूप आपल्या बोलण्यातून त्याच्या कानावर घालणं मला लाल शाईपेक्षा कितीतरी परिणामकारक वाटतं.

लिपी शिकायला लागणाऱ्या वेळाबद्दलही आपण घाई करतो. इंग्रजीत २६ अक्षरं. आपली बाराखडी पूर्ण मांडली तर ४०० हून अधिक आकार होतात, आणि जोडाक्षरं वेगळीच. सोनाली नाग यांनी कर्नाटकातल्या कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात अक्षरांवर पकड बसण्याचं काम तिसरी-चौथीपर्यंत चालू असल्याचं दिसलं. कन्नड आणि देवनागरीची घडण सारखीच असल्याने दुसरीतलं मूल ‘क्ष’, ‘र्व’ला अडखळलं म्हणून हादरून जायचं कारण नाही. शिवाय देवनागरी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही लिप्या ब्राह्मीतून आलेल्या आहेत. आकार वेगळे, पण क-ख-ग-घचा क्रम तोच आणि व्यंजनाला स्वराचं चिन्ह जोडायची रीतही तीच. एका लिपीत ही युक्ती उमगली की दुसरीत ती नव्याने शिकावी लागत नाही. बालभारती कन्नड आणि तेलुगू माध्यमाचीही पुस्तकं काढते. मराठी शाळेतल्या मुलाच्या घरी त्यातलं एखादं असलं तर फायदाच आहे.

चौथीच्या आसपास वाचनाचं कामच बदलतं. तोवर मूल वाचायला शिकत असतं, आता वाचून शिकायचं असतं. ‘बाष्पीभवन’, ‘लोकसंख्या’ हे शब्द गल्लीत खेळताना कुणी बोलत नाही. द्विभाषिक मुलांच्या शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून हा फरक मांडला: गप्पांपुरती भाषा लवकर येते, अभ्यासाची भाषा यायला बरीच वर्षं लागतात. मित्रांशी फाडफाड मराठी बोलणारी मुलगी परिसर अभ्यासात मागे पडते, त्यामागे अनेकदा हेच असतं.

अशा वेळी पालकांना सर्रास सल्ला मिळतो की घरी तेलुगू बंद करा, मराठीच बोला. हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो आजही दिला जातो याचं मला वाईट वाटतं. दोन भाषांमुळे मुलाची वाढ खुंटत नाही. एकेका भाषेतले शब्द थोडे कमी भरतील, पण दोन्ही मिळून बेरीज सहसा तेवढीच होते. आजीने विड्या वळता वळता सांगितलेल्या गोष्टीतून आधी काय झालं, मग काय, आणि का झालं, हे मूल शिकतं, आणि ही शिदोरी मराठीतही कामी येते. तोडक्या मराठीत दोन वाक्यं बोलण्यापेक्षा आईने रसरशीत तेलुगूत अर्धा तास गप्पा माराव्यात. मराठी कानावर घालायचं काम शाळेचं: रोज मोठ्याने गोष्ट वाचणं, नवा शब्द आधी बोलून, वापरून मग फळ्यावर लिहिणं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत असताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. या कामासाठी त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. कोड स्कॅन केला की छापलेली कविता ऐकायला मिळते. घरात मराठी नसलेल्या मुलासाठी ही सोय मोठी आहे.

काही मुलांची अडचण मात्र खरोखर वेगळी असते. वाचन-अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया, एका भाषेपुरती नसते. मुलाला ज्या ज्या भाषेत शिकवलं जातं, त्या प्रत्येकीत ती कमी-अधिक जाणवते. तिसरीतलं मूल भरपूर सराव करूनही ओळखीचे, रोजच्या बोलण्यातले शब्द वाचू शकत नसेल, घरच्या भाषेतही ‘म’ने सुरू होणारे शब्द सांगताना किंवा यमक जुळवताना गोंधळत असेल, तर तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. तपासणारी व्यक्ती मुलाशी फक्त मराठीत बोलत असेल, तर घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतो हे आधी सांगा आणि त्या भाषेतही मुलाला बोलतं करायला सांगा.