ट्रक प्रतिकृतीवरील बारीक रंगकाम

प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून जोडलेल्या ट्रकच्या प्रमाणबद्ध प्रतिकृतीवर दिवे, चाकांचे नट, काचेभोवतीचे रबर, हवेच्या नळ्या, डॅशबोर्डवरचे काटे, जाळीवरचे कंपनीचे चिन्ह असे लहान तपशील हाताने रंगवण्याचे काम. केबिनचा मूळ रंग स्प्रेच्या डब्याने किंवा एअरब्रशने एका दुपारी चढतो; बारीक रंगकाम त्यानंतर आठवडेच्या आठवडे चालते. ट्रक खेळण्यातला वाटतो की खरा, हे बहुतेक वेळा या दुसऱ्या टप्प्यातच ठरते.

नागरी ट्रकच्या किटमध्ये दोन प्रमाणे रूढ आहेत. इटलीतील इटालेरी आणि जर्मनीतील रेव्हेल यांचे युरोपीय ट्रक १:२४ मध्ये असतात, तर एएमटीसारख्या अमेरिकी कंपनीचे लांब नाकाचे पीटरबिल्ट १:२५ मध्ये. लष्करी ट्रक बहुधा १:३५ मध्ये येतात. हा आडनिडा आकडा कुठल्या हिशेबातून आलेला नाही. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटारवर चालणारा पँथर रणगाडा काढला, तेव्हा पोटात बॅटऱ्या मावतील एवढा तो मोठा ठेवला. मागून मोजला तर साधारण १:३५ भरला, आणि पुढे तेच प्रमाण झाले.

१:२४ म्हणजे खऱ्या ट्रकवरचे २४ मिलिमीटर इथे १ मिलिमीटर. चाकाच्या ज्या नटला ३२ मिमीचा पाना लागतो, तो इथे सव्वा मिलिमीटरच्या थोडा वर भरतो. दोन आसांच्या युरोपीय ट्रॅक्टरला, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या ट्रकला, बाहेरून चार चाके दिसतात आणि प्रत्येकावर दहा नट, म्हणजे असे चाळीस ठिपके. ट्रक लहान होतो, पण रंग काही त्याच्याबरोबर लहान होत नाही. ब्रशने दिलेला थर ०.०५ मिमी जाड धरला, तरी या प्रमाणात तो सव्वा मिलिमीटर जाडीच्या लेपासारखा दिसतो. नटच्या कडा, दाराची फट, जाळीच्या पट्ट्या त्यात बुजून जातात. म्हणून या कामातले बहुतेक कसब रंग लावण्यापेक्षा तो कमीत कमी लावण्यात आहे.

रंगाच्या छटेलाही प्रमाणाचा नियम लागतो. खरा ट्रक आपण पाच-दहा मीटरवरून पाहतो, प्रतिकृती हातभर अंतरावरून. मधल्या हवेने आणि उजेडाने मूळ रंग जरा फिका पडलेला असतो. त्यामुळे निव्वळ काळा आणि निव्वळ पांढरा सहसा वापरत नाहीत. टायर काळे रंगवले की ट्रक हमखास प्लॅस्टिकचा वाटतो. त्यांना गडद करडा लागतो. रस्त्यावर उभ्या ट्रकचा टायर एकदा नीट पाहिला तर हे सांगावे लागत नाही.

बाटल्या निवडताना ब्रँडपेक्षा द्रावक महत्त्वाचा. रंगांची तीन कुळे आहेत. लॅकर सर्वांत जहाल आणि झटपट वाळणारा. हम्ब्रोलच्या १४ मिलिलिटरच्या डब्यांतला इनॅमल तेलकट आणि सावकाश वाळणारा. त्यामुळे ब्रशचे फराटे आपोआप सपाट होतात. ॲक्रिलिकमध्ये स्पेनच्या व्हायेहोचे रंग पाण्याचे, तर तामियाचे अल्कोहोल असलेले. तामियाचे ॲक्रिलिक फवारायला उत्तम, पण ब्रशने दुसरा हात दिला की खालचा थर उचलला जातो. वरच्या थराच्या द्रावकाने खालचा थर विरघळता कामा नये, हा यातला पाया. म्हणून खाली लॅकर, मग ॲक्रिलिक, आणि सर्वांत वर इनॅमलचा पातळ हात अशी उतरंड लावतात. अशा उतरंडीत वरच्या थरावर चूक झालीच, तर व्हाइट स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने ती पुसता येते आणि खालची केबिन जशीच्या तशी राहते.

ब्रशबाबत नवशिक्याची चूक ठरलेली: काम बारीक म्हणून तो सर्वांत बारीक, पाच-सहा केसांचा ब्रश आणतो. त्यात रंग इतका थोडा मावतो की टोक कामापर्यंत पोचेपर्यंत वाळते. त्यापेक्षा ० किंवा १ क्रमांकाचा, पोटात रंग धरणारा आणि टोकाला सुईसारखा जुळणारा ब्रश बरा. यासाठी कोलिन्स्की, म्हणजे सैबेरियन विझल या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा ब्रश जगभर नावाजलेला आहे, किंमतही तशीच. आपल्याकडे लघुचित्रे काढणारे चित्रकार खारीच्या केसांचे ब्रश वापरत आले. मुंगसाच्या केसांचे ब्रशही एके काळी सर्रास मिळत, पण वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांचा व्यापार गुन्हा आहे. कोणी ‘जुना स्टॉक’ म्हणून पुढे केला तरी घेऊ नये. हल्लीचे चांगले सिंथेटिक ब्रश या कामाला पुरतात. ठिपक्यांसाठी तर ब्रशचीही गरज नसते. टूथपिकचे टोक जरासे बोथट करून रंगात बुडवले, तर चाळीसही नटांवर सारखा थेंब बसतो. रंग कालवायला औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी झकास. एका खळग्यात रंग, शेजारच्या खळग्यात थिनर.

हात स्थिर ठेवण्याची पद्धत घरोघरी ठाऊक असलेलीच आहे. बाळाला काजळ घालताना करंगळी त्याच्या गालावर टेकवतात, तशी इथे करंगळी शासीवर (ट्रकच्या सांगाड्यावर) किंवा भाग धरलेल्या हातावर टेकवायची. दोन्ही मनगटे एकमेकांना भिडवली आणि कोपर टेबलावर ठेवले की कंप निम्म्यावर येतो. राहिलेला कंप श्वासाचा असतो; रेघ श्वास सोडताना ओढावी.

या सगळ्याची खरी परीक्षा पुढच्या काचेभोवतीच्या काळ्या रबरात होते. किटमध्ये हे रबर केबिनवर उठावाच्या कडेसारखे असते, एक-दीड मिलिमीटर रुंद आणि कोपऱ्यांत गोल वळलेले. सरळ बाजूंना मास्किंग टेप लावता येते. टेपची कारखान्यातली कड धुळीने खराब झालेली असते, म्हणून टेप आधी काचेच्या सुट्या तुकड्यावर चिकटवून नव्या ब्लेडने ताजी कड कापून घ्यावी. कड नखाने दाबल्यावर तिच्यावरून आधी केबिनच्याच रंगाचा पातळ हात फिरवायचा. टेपखाली जे काही झिरपायचे ते त्याच रंगाचे झिरपते आणि फट बंद होते, मग काळा. कोपरे मात्र हातानेच करावे लागतात. तिथे ब्रशचे टोक न टेकवता त्याची कूस उठावाच्या कडेवरून सरकवायची. उठाव स्वतःच पट्टीचे काम करतो आणि रंग फक्त उंच भागाला लागतो. ब्रश मागे नेऊन तीच रेघ पुन्हा गिरवायचा मोह होतो, तो आवरावा. अर्धवट वाळलेला रंग ओढला गेला की कड फाटते, आणि मग तासभर वाट पाहून पुन्हा सुरुवात.

दारांच्या फटी, बिजागऱ्या आणि जाळीच्या खाचा यांवर ब्रशने रेघ मारतच नाहीत. तिथे ‘वॉश’ देतात. भरपूर थिनर घातलेल्या गडद इनॅमलचा एक थेंब खाचेच्या टोकाला टेकवायचा आणि पाहत राहायचे. केशाकर्षणाने रंग खाचेतून आपणहून धावतो, कोपरा वळतो आणि दाराची चौकट क्षणात रेखली जाते. त्याआधी पृष्ठभागावर चकचकीत क्लिअरचा, म्हणजे बिनरंगी पारदर्शक रंगाचा, हात हवा. मॅट पृष्ठभाग खरखरीत असल्याने थेंब खाच सोडून चहूकडे पसरतो आणि डाग पडतो. रंगासाठी निव्वळ काळा घेऊ नये: लाल केबिनला गडद तपकिरी, पांढऱ्याला मध्यम करडा. आणखी एक धोका असा, की न रंगवलेल्या, जोडताना ताण बसलेल्या प्लॅस्टिकवर हा थिनर मुरला तर भाग तडकतो. आतल्या बाजूने उघडा राहिलेला आरशाचा दांडा असाच जातो, तोही सगळे काम संपत आल्यावर.

क्रोम हा अमेरिकी ट्रकचा दागिना आणि रंगवणाऱ्याची डोकेदुखी. किटमधले बंपर, इंधनटाक्या आणि धुराड्याचे उभे पाइप अनेकदा निर्वात कक्षात ॲल्युमिनियमचा मुलामा देऊन येतात. या मुलाम्यावर गोंद धरत नाही, साच्याची रेघही त्यातून दिसते. म्हणून अनेक जण तो ब्लीचमध्ये भाग बुडवून उतरवतात. पुन्हा चकाकी आणायला चकचकीत काळ्यावर फवारलेला ॲल्क्लॅड हा लॅकर उत्तम. बारीक पट्ट्यांसाठी बेअर मेटल फॉइल ही चिकट धातूची पापुद्र्यासारखी पातळ पन्नी बसवून कडा कापतात, किंवा मोलोटोचे क्रोम पेन वापरतात. या पेनच्या रेघेवर क्लिअर मारले की आरसा जाऊन निव्वळ चंदेरी रंग उरतो. ते काम शेवटी ठेवावे.

पारदर्शक दिव्यांना रंग बाहेरून न लावता आतून लावल्यास खोली येते. दिव्याच्या खोबणीत आधी चंदेरी, मग भिंगाला पारदर्शक नारिंगी किंवा लाल. ट्रॅक्टर आणि ट्रेलर यांच्यामधल्या हवेच्या नळ्यांचे रंग नियमाने ठरलेले असतात: युरोपात सतत दाबाची नळी लाल आणि ब्रेक नियंत्रणाची पिवळी, अमेरिकेत लाल आणि निळी. स्कॅनियासारख्या युरोपीय ट्रकला निळी नळी लावली, तर जाणकाराचे बोट थेट तिथेच जाते.

भारतीय ट्रकची तयार किट सहसा मिळत नाही. हौशी मंडळी परदेशी शासीवर प्लॅस्टिकच्या पत्र्याची केबिन आणि हौदा उभा करतात. तिथे बारीक रंगकामाचा अर्थच बदलतो. युरोपीय ट्रकवर रेघ यंत्राइतकी नितळ लागते; आपल्या ट्रकवरची कमळे, मोर, फाळक्यावरची अक्षरे पेंटरच्या हातची असतात, आणि प्रतिकृतीतही ती हातचीच दिसावी लागतात. संगणकावर छापलेले डिकल, म्हणजे चिकटवायचे चित्र, इथे फार सुबक वाटते. जुन्या ट्रकची मोजमापे मात्र केंद्रीय मोटार वाहन नियमांनी सोपी केली आहेत. २०१८ च्या दुरुस्तीआधी नॅशनल परमिटच्या ट्रकचा हौदा सुक्या पानाच्या तपकिरी रंगाचा, त्याला ३० सेंटिमीटरची पांढरी किनार आणि दोन्ही बाजूंना ६० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात परवान्याचा उल्लेख असा नियम होता. १:२४ मध्ये हे साडेबारा आणि पंचवीस मिलिमीटर होतात. वर्तुळ एखाद्या नाण्याभोवती फिरवून काढावे. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचे की नाही, हे ट्रकच्या सालावर आणि नंबरप्लेटवर अवलंबून. महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्यावर बंदी घातली, तेव्हा एमएच पाटीच्या नव्या ट्रकवर ते शोभणार नाही.

पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत लॅकर फवारला की थर थंड होऊन त्यावर दमट हवेतले पाणी धरते आणि पांढुरके धुके येते. त्या चार महिन्यांत बहुतेक जण फवारणी थांबवून ब्रशचीच कामे काढतात.

शेवटचा हात धुळीचा आणि झिजेचा. कोकणात फिरणाऱ्या ट्रकच्या चाकांवर तांबडी माती चढते, मराठवाड्यात काळपट. दोन्ही एकाच ट्रकवर लावणे बरे नव्हे. झीज दाखवायला ब्रश जवळजवळ कोरडा पुसून कडांवरून हलका फिरवतात, म्हणजे रंग फक्त उंचवट्यांना लागतो. ही झीज जिथे हात-पाय लागतात तिथेच हवी. परदेशी किटच्या चित्रांत चालकाच्या बाजूची, म्हणजे डावी पायरी उडालेली दाखवतात. भारतीय ट्रकमध्ये चालक उजवीकडे बसतो. तरी पायरी डावीकडचीच अधिक झिजवावी, कारण दर थांब्याला तिथून क्लीनर उड्या मारत असतो.