91 वं स्तोत्र म्हणजे लस नव्हे

2020 च्या टाळेबंदीत वसईकडे एक निरोप मोबाइलवर फिरत होता. साथीची कुणकुण लागली की अजूनही डोकं वर काढतो. रोज 91 वं स्तोत्र म्हणा, व्याधी घराजवळ फिरकणार नाही. ओळ बायबलातलीच आहे. अर्थ मात्र सोयीचा लावलेला.

गंमत अशी, की शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, याच स्तोत्राचा दाखला सैतान देतो. मत्तयच्या चौथ्या अध्यायात तो येशूला मंदिराच्या शिरोभागी उभं करून म्हणतो, मार उडी, देवदूत झेलतील. येशू उडी मारत नाही. देवाची परीक्षा पाहू नये, एवढंच सांगतो. मास्क काढून ‘माझा विश्वास आहे’ म्हणणं त्या उडीच्याच जातीचं.

संत अलॉयशियस गोन्झागा 1591 मध्ये रोमला साथीच्या रुग्णांची सेवा करताना आजारी पडले आणि 23 व्या वर्षी गेले. त्यांचा विश्वास कमी पडला म्हणायचा का?

27 मार्च 2020 ला रिकाम्या, पावसानं भिजलेल्या सेंट पीटर चौकात पोप फ्रान्सिस बोलले ते मार्कच्या शुभवर्तमानातल्या वादळाच्या उताऱ्यावर. कोळीवाड्यात तो समजावून सांगायला नको. येशू होडीतच होता, तरी वादळ आलं आणि होडीत पाणी भरलं.