घरी बनवलेल्या इलेक्ट्रिक सायकलचं पासिंग होतं का? नियम, पात्रता आणि कागदपत्रं

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत आता गल्लीबोळात सायकलला मोटर बसवणारे दिसतात. आयटीआयची पोरं, वेल्डिंगवाले, पंपाच्या मोटरी भरून देणारे कारागीर. हात चांगले आहेत आणि काम नेटकं होतं. पण गाडी तयार झाली की प्रश्न येतो, "भाऊ, हाई पासिंग व्हई का?" हा प्रश्न मोटर घेण्याआधी विचारायला हवा, कारण उत्तर मोटरवरच ठरतं.

आधी सायकल आणि मोटारवाहन यांतली रेघ समजून घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम २ मध्ये बॅटरीवरच्या वाहनाची व्याख्या आहे. मोटरची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर ते वाहन मोटारवाहन धरलं जात नाही. पॅडलला साथ देणारी मोटर असेल तर आणखी अट आहे: वेग वाढेल तशी मोटरची ताकद कमी होत गेली पाहिजे, आणि २५ ला पोचल्यावर किंवा पाय थांबल्यावर ती बंद पडली पाहिजे. नीट ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. एवढं जमलं तर नोंदणी नाही, लायसन्स नाही, विम्याची सक्ती नाही.

पण याच नियमात एक वाक्य आहे, जे सायकलला बसवायच्या मोटरचं किट विकणारा कधी सांगत नाही. या अटी पूर्ण होतात हे नियम १२६ मधल्या चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेलं असावं लागतं. म्हणजे "माझी २५० वॅटचीच आहे" हे तोंडी सांगणं पुरत नाही. म्हणून किट घेताना पहिली मागणी प्रमाणपत्राच्या प्रतीची करा. त्यावरचं मॉडेलचं नाव आणि तुमच्या मोटरवर कोरलेला क्रमांक जुळतो का, ते दुकानातच पाहा. प्रमाणपत्र एका मॉडेलचं आणि खोक्यात दुसरंच, असं होऊ शकतं. आणि ते प्रमाणपत्र फक्त मोटरचं आहे की पूर्ण सायकलचं, हेही वाचा. सुटी मोटर तपासलेली असली म्हणून तुमच्या घरच्या फ्रेमवर बसवलेली अख्खी सायकल तपासलेली होत नाही.

"तीस मिनिटांची शक्ती" म्हणजे मोटर अर्धा तास सलग देऊ शकते ती शक्ती. चढावर क्षणभर जास्त वॅट ओढले म्हणून लगेच नियम मोडत नाही. ३६ व्होल्टची बॅटरी आणि १५ अँपिअरचा कंट्रोलर (मोटरला किती वीज सोडायची ते ठरवणारा डबा) असेल तर क्षणिक आकडा ५४० वॅटवर जातो, तरी मोटर नियमातली असू शकते. पण ४८ व्होल्टला २० अँपिअर म्हणजे ९६० वॅट. तशी जोडणी करून मोटरवर २५० चं स्टिकर लावलं, तर ती फसवणूक आहे, आणि अपघातानंतरच्या तपासणीत ती उघडी पडते.

मग हजार वॅटची, चाळीस-पंचेचाळीसने पळणारी घरगुती सायकल? ती कायद्याने मोटारवाहन आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय ती सार्वजनिक जागी चालवता येत नाही. आणि नोंदणीला काय लागतं ते पाहा: नमुना २० मधला अर्ज, विक्रेत्याचं नमुना २१ मधलं विक्री प्रमाणपत्र, उत्पादकाचं नमुना २२ मधलं रस्त्यायोग्यतेचं प्रमाणपत्र, विम्याची पॉलिसी, पत्त्याचा आणि ओळखीचा पुरावा. यातला नमुना २२ तुम्ही कुठून आणणार? तो देणारा उत्पादक असतो, ज्याने आपल्या मॉडेलचा नमुना चाचणी संस्थेकडून मंजूर करून घेतलेला असतो. घरी बनवलेल्या एका गाडीसाठी हा कागद तयारच होत नाही. धुळ्याचं एमएच १८ असो, जळगावचं १९ की नंदुरबारचं ३९, आरटीओच्या खिडकीवरचा कर्मचारी आडमुठेपणा करत नाही, त्याच्यासमोर कागदच अपुरे असतात. त्यामुळे "पासिंग करून देतो, पाच-सात हजार होतील" असं म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

तशीच चालवली तर? विनानोंदणी वाहनाला पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड आहे, लायसन्स नसेल तर त्याचे वेगळे. चालवणारा अठराच्या आतला असेल तर कलम १९९-अ प्रमाणे पालकावर किंवा मालकावर पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दहावी-बारावीच्या पोराला क्लासला जायला अशी गाडी करून देणाऱ्या बापाने हे कलम दोनदा वाचावं. आणि विमा. नोंदणी नाही म्हणून पॉलिसी नाही, पॉलिसी नाही म्हणून समोरच्याला इजा झाली तर भरपाई घराच्या, शेताच्या पैशातून. मला दंडापेक्षा याची भीती जास्त वाटते.

विकत घेतलेल्या कमी वेगाच्या गाडीची "लॉक तोडून" ताकद वाढवणं हाही तोच मामला. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी अशा बदललेल्या ई-बाइकवर कारवाईचे आदेश दिले होते. नोंदणी झालेल्या गाडीत परवानगीशिवाय असा बदल केला, तर कलम १८२-अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

केळीच्या बागेत फिरायला जास्त ताकदीची सायकल हवी, असं रावेर-यावलकडचे शेतकरी म्हणतात. स्वतःच्या कुंपणातल्या शेतात चालवायला नोंदणीची सक्ती नाही, कारण कायदा सार्वजनिक जागेबद्दल बोलतो. पण बांध ओलांडून गाडीरस्त्यावर किंवा पाणंदीवर आलात की लोकांना येण्याजाण्याचा हक्क असलेली जागा सुरू झाली. तिथे "डांबरी थोडीच आहे" हे उत्तर चालत नाही.

चढासाठी ताकद हवी असेल तर नियमात राहूनही मार्ग आहे. चाकातल्या हब मोटरऐवजी पॅडलजवळची मोटर घ्या. ती साखळीतून चालते म्हणून सायकलचे गिअर तिला वापरता येतात. हलक्या गिअरवर, पाय मारत, २५० च्या आतली मोटरही कन्नड घाटासारखा चढ हळू पण नेटाने चढते.

हब मोटरच बसवणार असाल तर ॲक्सलकडे लक्ष द्या. त्याला दोन चपट्या बाजू असतात आणि मोटरचा सगळा पीळ त्या बाजूंवर, म्हणजे फोर्कच्या खाचेवर येतो. ॲल्युमिनियमची खाच असेल तर ती हळूहळू रुंदावते, ॲक्सल फिरतो, वायर पिळून तुटतात आणि चाक निसटतं. पोलादी टॉर्क आर्म, म्हणजे ॲक्सलला फिरू न देणारी पट्टी, लावल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. वेग २५ वरून ४५ केला की थांबवायची ऊर्जा सव्वातीन पट होते, आणि रिमला घासणारे रबरी ब्रेक तिथे हात टेकतात.

आपल्याकडचा उन्हाळा वेगळा विचारात घ्या. लिथियम सेल साधारण ४५ अंशांच्या पुढे चार्ज करू नयेत, आणि मे महिन्यात भुसावळला सावलीतला पाराच तिथवर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चार्जिंग लावून जेवायला जाऊ नका. संध्याकाळी बॅटरी हाताला गार लागली की मगच लावा, झोपायच्या खोलीपासून लांब. सुट्या सेलचा पॅक जोडून घेत असाल तर बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरजेला वीज तोडणारं सर्किट) आणि पॅकजवळचा फ्यूज यांत पैसे वाचवू नका.

नियमातली सायकल असली तरी एक पाकीट सोबत ठेवा: मोटर, कंट्रोलर आणि बॅटरीची जीएसटी बिलं, चाचणी प्रमाणपत्राची प्रत, सायकलचं मूळ बिल, मोटरवरच्या क्रमांकाचा फोटो. नाक्यावर अडवलं तर शांतपणे हेच दाखवा. हेल्मेटची सक्ती नसली तरी घाला.

आणि ज्यांना गाड्या बनवून विकायच्या आहेत, त्यांनी वर्कशॉप टाकण्याआधी चाचणी संस्थेला लिहावं. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई आणि मुंबई-आग्रा महामार्गाने शिरपूर, सेंधवा करत जाता येईल असं पिथमपूरचं नॅट्रॅक्स, हे आपल्याला जवळचे पर्याय. अर्जासोबत वाहनाची तांत्रिक माहिती आणि आराखडे, मोटर, कंट्रोलर व बॅटरीचे तपशील, आणि तुमच्या फर्मची नोंदणी लागते. कोणत्या चाचण्या, किती शुल्क, किती नमुने, हे त्यांच्याकडून लेखी मागवा. मंजुरीनंतर मोटर किंवा कंट्रोलर बदलला तर पुन्हा विचारावं लागतं, म्हणून सुटा माल देणारा आधी पक्का करा आणि मगच नमुना पाठवा.