रॉक अँड रोल युगाचा आरंभ

अमेरिकेतल्या लोकप्रिय संगीतात १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात झालेले स्थित्यंतर. कृष्णवर्णीयांचे ऱ्हिदम अँड ब्लूज, दक्षिणेतल्या गोऱ्यांचे कंट्री आणि चर्चमधले गॉस्पेल या तीन प्रवाहांतून रॉक अँड रोल घडले. या युगाचा पहिला दिवस म्हणून बहुधा ९ जुलै १९५५ ही तारीख दिली जाते. त्या आठवड्यात बिल हेली आणि त्याच्या ‘कॉमेट्स’चे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ हे गाणे ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या पॉप यादीत पहिल्या क्रमांकावर चढले आणि आठ आठवडे तिथून हलले नाही.

ही तारीख मोजणीला सोयीची असली, तरी उशिराची आहे. ‘बिलबोर्ड’ तेव्हा पॉप, कंट्री आणि ऱ्हिदम अँड ब्लूज अशा वेगवेगळ्या याद्या छापत असे. तिसऱ्या यादीला १९४९च्या जूनपर्यंत ‘रेस रेकॉर्ड्स’ असे उघड वंशवाचक नाव होते; साप्ताहिकात काम करणाऱ्या जेरी वेक्सलरच्या सूचनेवरून ते बदलले. नाव बदलले, भिंत मात्र राहिली. कृष्णवर्णीय श्रोत्यांत आठवडेच्या आठवडे गाजणारी तबकडी पॉप यादीत अनेकदा दिसतही नसे. त्यामुळे या काळातला कोणताही ‘पहिला’ टप्पा वाचताना तो कोणत्या यादीतला, हे आधी पाहावे लागते.

पूर्वपीठिका

दुसऱ्या महायुद्धानंतर पंधरा-वीस वादकांचे मोठे बँड पोसणे परवडेनासे झाले. त्यांची जागा लुई जॉर्डनसारख्यांच्या पाच-सहा जणांच्या ताफ्यांनी घेतली. बारा मापांचा (म्हणजे तालाच्या बारा आवर्तनांचा) ब्लूजचा साचा, पुढे सरसावलेला सॅक्सोफोन आणि चार ठोक्यांपैकी दुसऱ्या व चौथ्यावर पडणारा जोर ही या संगीताची ठेवण होती. सिस्टर रोझेटा थार्प ही गॉस्पेल गायिका तर १९४०च्या दशकातच विजेवरची गिटार गळ्यात अडकवून देवाची गाणी अशा जोशात गात होती, की पुढच्या पिढीच्या गिटारवादकांचे मूळ तिच्याकडे सापडते. न्यू ऑर्लिन्समध्ये कोझिमो मटासाच्या स्टुडिओत डिसेंबर १९४९मध्ये फॅट्स डॉमिनोने ‘द फॅट मॅन’ गायले. त्यात ड्रमवादक अर्ल पामरने तो दुसऱ्या-चौथ्या ठोक्याचा जोर गाणेभर टिकवला. पहिले रॉक अँड रोल गाणे कोणते, या वादात हे नाव हमखास निघते.

साधनेही याच सुमारास बदलली. आर.सी.ए. व्हिक्टरने १९४९मध्ये मिनिटाला ४५ फेऱ्यांची छोटी, सहसा न फुटणारी तबकडी आणली. मोठ्या रेडिओ कंपन्यांचे लक्ष दूरचित्रवाणीकडे वळल्यावर गावोगावची केंद्रे तबकड्या वाजवून वेळ भरू लागली, आणि मेम्फिसच्या डब्ल्यू.डी.आय.ए. केंद्राने तर आपले सगळे कार्यक्रम कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठीच ठेवले. रेडिओच्या लहरींना वस्तीची हद्द कळत नाही. गोऱ्या घरांतली मुले रात्री तेच ऐकू लागली. १९५४च्या अखेरीस खिशात मावणारा ट्रान्झिस्टर बाजारात आला, आणि ऐकायला दिवाणखान्याची व वडीलधाऱ्यांच्या परवानगीची गरज उरली नाही.

मेम्फिस आणि क्लीव्हलंड

सॅम फिलिप्सने जानेवारी १९५०मध्ये मेम्फिसच्या युनियन अव्हेन्यूवर, ७०६ क्रमांकाच्या जागेत, एका खोलीचा ध्वनिमुद्रण स्टुडिओ थाटला. मार्च १९५१मध्ये आइक टर्नरचा तरुण ताफा मिसिसिपीहून तिथे आला. प्रवासात गिटारवादक विली किझार्टच्या ॲम्प्लिफायरचा कर्णा फाटला होता. दुसरा कोणी असता तर मुद्रण पुढे ढकलले असते. फिलिप्सने फाटक्या जागी कागद कोंबला आणि गिटारचा आवाज घोगरा, खरखरीत निघाला. तो लपवण्याऐवजी त्याने उलट पुढे आणला. ‘रॉकेट ८८’ नावाचे हे गाणे शिकागोच्या चेस कंपनीने गायक जॅकी ब्रेन्स्टनच्या नावावर काढले, टर्नरचे नाव मुख्य कलाकार म्हणून आलेच नाही. ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत ते पहिले आले. त्याच वर्षी हेली नावाच्या एका कंट्री गायकाने त्याची आपली आवृत्ती काढली. चार वर्षांनी युगारंभाचा मान मिळाला तो याच हेलीला.

क्लीव्हलंडमध्ये ॲलन फ्रीड १९५१पासून रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमात कृष्णवर्णीयांच्या मूळ तबकड्या वाजवत असे. या संगीताला रॉक अँड रोल म्हणण्याची सवय देशाला लावली ती मुख्यतः त्याने. २१ मार्च १९५२ रोजी त्याने क्लीव्हलंड अरिनात ‘मूनडॉग कॉरोनेशन बॉल’ भरवला. सभागृहाच्या क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट लोक लोटले, दारे मोडली आणि पहिल्या कलाकाराचे गाणे रंगण्याआधीच कार्यक्रम बंद करावा लागला. तरीही रॉक अँड रोलची पहिली मोठी मैफल म्हणून इतिहास याच रात्रीकडे बोट दाखवतो.

५ जुलै १९५४

फिलिप्सच्या त्याच खोलीत या रात्री एकोणीस वर्षांचा एल्व्हिस प्रेस्ली, गिटारवादक स्कॉटी मूर आणि बासवादक बिल ब्लॅक एका संथ गाण्यावर तासन्‌तास खपत होते. हाती काही लागत नव्हते. मधल्या विसाव्यात एल्व्हिसने कृष्णवर्णीय ब्लूज गायक आर्थर क्रूडपचे १९४६ साली मुद्रित झालेले ‘दॅट्स ऑल राइट’ उड्या मारत, भरधाव म्हणायला सुरुवात केली. बाकी दोघे सामील झाले. फिलिप्सने तेच पुन्हा सुरुवातीपासून घ्यायला लावले. साथीला ड्रम नाही. ठेका धरला तो बासच्या तारांच्या फटक्यांनी.

काही दिवसांतच ड्युई फिलिप्स या निवेदकाने (सॅमचा तो नातेवाईक नव्हता) ते मेम्फिसच्या रेडिओवर लावले. फोन वाजू लागले आणि गाणे पुन्हा पुन्हा लावावे लागले. एल्व्हिसला बोलावून आणल्यावर निवेदकाने त्याला शाळा विचारली. ह्यूम्स हायस्कूल, असे उत्तर आले. शाळा वर्णानुसार वेगळ्या असल्याने एवढ्यावरून श्रोत्यांना कळले की गाणारा मुलगा गोरा आहे. त्या काळच्या अमेरिकेचे सगळे दुखणे या एका प्रश्नात आहे. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दोनच महिन्यांपूर्वी, १७ मे रोजी लागला होता.

हेलीचे गाणे आणि पडदा

‘रॉक अराउंड द क्लॉक’ १२ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कच्या पायथियन टेंपल या घुमणाऱ्या सभागृहात डेका कंपनीसाठी मुद्रित झाले. निर्माता मिल्ट गेब्लरचा बहुतेक वेळ दुसऱ्याच गाण्यावर गेला. हे गाणे घाईने, दोन प्रयत्नांत उरकून तबकडीच्या मागच्या बाजूला गेले. डॅनी सेड्रोनचा गिटारचा तुकडा आजही शिकणाऱ्यांची बोटे अडखळवतो. सेड्रोन मात्र जून १९५४मध्ये जिन्यावरून पडून मरण पावला, त्याला हे यश दिसले नाही. तबकडीचा खप बेताचाच होता. पुढच्या वर्षी ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या शाळकरी गुंडगिरीवरच्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीवर ते वाजले आणि मुले चित्रपटगृहांत नाचू लागली.

नक्कल आणि मूळ

कृष्णवर्णीयांचे गाणे चालले की तेच गोऱ्या गायकाकडून सौम्य करून गाऊन घ्यायचे, हा कंपन्यांचा शिरस्ता होता. ‘कॉर्ड्स’ या गटाच्या ‘शबूम’ची ‘क्रू-कट्स’ने केलेली नक्कल १९५४मध्ये पॉप यादीत पहिली आली. फॅट्स डॉमिनोच्या ‘एन्ट दॅट अ शेम’ची पॅट बूनने केलेली १९५५ची आवृत्तीही तशीच पहिली आली. बूनच्या आवृत्त्या स्वच्छ आणि निर्जीव आहेत. मूळ गाण्याशेजारी त्या ठेवून ऐकल्या, की काय काढून टाकले होते ते कोणालाही कळते.

हा शिरस्ता मोडू लागला तो १९५५च्या उत्तरार्धात. कृष्णवर्णीय गायक-गिटारवादक चक बेरीने मे महिन्यात चेससाठी मुद्रित केलेले ‘मेबलिन’ ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिले आणि पॉप यादीत पाचवे आले. कंट्रीच्या ‘आयडा रेड’ या जुन्या गाण्यावरून त्याने मोटारींच्या शर्यतीची गोष्ट रचली होती, म्हणजे उसनवारी दोन्ही बाजूंनी चालू होती. तबकडीवर सहगीतकार म्हणून मात्र ॲलन फ्रीडचे नाव छापले गेले. रेडिओवर गाणे वाजवण्याची ती किंमत होती. ते श्रेय बेरीला परत मिळायला १९८६ उजाडले. सप्टेंबरमध्ये लिटल रिचर्डने मटासाच्या स्टुडिओत ‘टुटी फ्रुटी’ मुद्रित केले. त्याचे मूळ शब्द अश्लील असल्याने गीतकार डोरोथी लाबोस्ट्रीकडून ते बदलून घेतले गेले. आरोळी, पियानोवरचे घाव आणि श्वास न घेता धावणारा ताल हे सगळे तसेच राहिले. याचीही नक्कल बूनने केली आणि ती पॉप यादीत मूळ गाण्याच्या वर गेली.

१९५६

नोव्हेंबर १९५५मध्ये फिलिप्सने एल्व्हिसचा करार आर.सी.ए. व्हिक्टरला ३५,००० डॉलरना विकला. ‘हार्टब्रेक हॉटेल’ पाठोपाठ आले, आणि ९ सप्टेंबर १९५६ रोजी एड सलिव्हनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात सुमारे ६ कोटी लोकांनी त्याला पाहिले. माझ्या मते त्या वर्षीचा खरा टप्पा वेगळा आहे. कार्ल पर्किन्सचे ‘ब्लू स्वेड शूज’ पॉप, कंट्री आणि ऱ्हिदम अँड ब्लूज या तिन्ही याद्यांत वर चढले. एल्व्हिसची ‘डोन्ट बी क्रूएल’ आणि ‘हाउंड डॉग’ ही जोडतबकडी तर तिन्हीकडे पहिली आली. यातले ‘हाउंड डॉग’ कृष्णवर्णीय गायिका बिग मामा थॉर्न्टनने १९५३मध्ये ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत आधीच पहिले आणून दाखवले होते.

विरोधही याच वर्षी विकोपाला गेला. अलाबामातल्या वर्णद्वेषी संघटनांनी या संगीताविरुद्ध मोहीम उघडली. एप्रिलमध्ये बर्मिंगहॅम शहरात त्यांच्या माणसांनी रंगमंचावर चढून कृष्णवर्णीय गायक नॅट किंग कोलवर हल्ला केला. कोल तर रॉक अँड रोल गातही नव्हता.

मुंबईतले पडसाद

ही लाट मुंबईच्या चित्रपटसंगीतात वर्षभरात पोहोचली. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी ‘आशा’ (१९५७) चित्रपटासाठी केलेले ‘ईना मीना डीका’ किशोर कुमार आणि आशा भोसले यांनी वेगवेगळे गायले आहे. त्यांच्याकडे ती वाट आधीच मळलेली होती. ‘अलबेला’ (१९५१)च्या वेळी त्यांच्या साथीला हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होते. मुंबईच्या वाद्यवृंदांत जॅझ वाजवणारे, स्वरलिपी वाचणारे गोमंतकीय वादक नसते, तर हा ठेका इतक्या सहज उतरला नसता.

पहिल्या लाटेनंतर

लिटल रिचर्ड १९५७मध्ये धर्मप्रचाराकडे वळला, एल्व्हिस मार्च १९५८मध्ये सैन्यात दाखल झाला, आणि ३ फेब्रुवारी १९५९ रोजी बडी हॉली, रिची व्हॅलेन्स व जे. पी. रिचर्डसन हे गायक आयोवातल्या विमान अपघातात गेले. ‘बिलबोर्ड’ने ४ ऑगस्ट १९५८पासून ‘हॉट १००’ ही पॉप गाण्यांची एकत्रित यादी सुरू केली. क्लीव्हलंडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने १९८६च्या पहिल्या तुकडीत बेरी, डॉमिनो, लिटल रिचर्ड आणि एल्व्हिस यांना घेतले, पुढच्या वर्षी हेलीला. सिस्टर रोझेटा थार्पचे नाव तिथे २०१८मध्ये लागले, बिग मामा थॉर्न्टनचे २०२४मध्ये.