डेंग्यू विषाणू आणि प्राणिपेशीवंशांची ग्रहणशीलता

डेंग्यूचा विषाणू प्रयोगशाळेत कोणत्या प्राण्याच्या पेशीत शिरतो, कितपत वाढतो आणि वाढल्याची खूण दाखवतो की नाही, याचा हा विषय आहे. ‘ग्रहणशीलता’ हा शब्द या तिन्ही अर्थांनी सैलपणे वापरला जातो. वास्तविक पेशीत प्रवेश, आतली वाढ आणि डोळ्यांना दिसणारी पेशीहानी या वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक जुन्या तक्त्यांतील विसंगती या गल्लतीतून आली असावी.

डासांच्या पेशीवंशांचे, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढत राहणाऱ्या पेशींचे, मूळ काहीसे वादग्रस्त आहे. ऑस्ट्रेलियातील टी. डी. सी. ग्रेस यांनी 1966 मध्ये एडिस इजिप्ती डासाचा पेशीवंश जाहीर केला आणि काही जुन्या ग्रंथांत आद्यत्वाचा मान त्यालाच दिलेला आढळतो. पुढे तपासणीत त्या पेशी डासाच्या नसून ग्रेस यांच्याच आधीच्या अँथेरिया पतंगाच्या ठरल्या. एका संवर्धातील पेशी दुसऱ्यात मिसळल्या होत्या. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) के. आर. पी. सिंग यांनी अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्यांपासून एडिस अल्बोपिक्टस व एडिस इजिप्ती यांचे पेशीवंश तयार केले. त्यामुळे आद्यत्व त्यांच्याकडे जाते, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. 1967 हे वर्ष ‘करंट सायन्स’मधील निबंधाचे आहे, प्रत्यक्ष संवर्धन त्याआधीच सुरू झालेले असणार. दोहोंपैकी अल्बोपिक्टसचा वंश विषाणूंना अधिक मानवला.

याच पुण्याच्या वंशातून अकिरा इगाराशी यांनी 1978 मध्ये डेंग्यू व चिकुनगुन्या या विषाणूंचे भरघोस उत्पादन देणारा सी6/36 हा क्लोन (एकाच पेशीपासून वाढवलेला उपवंश) वेगळा काढला. सुमारे 28 अंश सेल्सिअसला वाढणाऱ्या या पेशी रुग्णाच्या रक्तातून विषाणू वेगळा करण्यासाठी आजही सर्वाधिक पसंत केल्या जातात. पेशी एकमेकींत मिसळून महापेशी बनणे ही खूण काही विषाणूप्रकारांत दिसते, काहींत मुळीच दिसत नाही. म्हणून निदान विषाणूला चिकटून चमकणाऱ्या (प्रतिदीप्त) प्रतिपिंडांनी पक्के करतात. सी6/36 इतक्या उदार का, याचे एक कारण 2010 मध्ये पुढे आले. त्यांच्या डायसर-2 जनुकात एका न्यूक्लिओटाइडची उणीव असल्याने आरएनए-हस्तक्षेप, म्हणजे विषाणूचा आरएनए कापून टाकणारी डासाची मुख्य संरक्षणव्यवस्था, लुळी आहे. सिंग यांच्याच वंशातून निघालेल्या यू4.4 पेशींत मात्र ती शाबूत आहे. डासाच्या प्रतिकारशक्तीचे निष्कर्ष एकट्या सी6/36 वरून काढणे त्यामुळे धाडसाचे ठरते.

सस्तन प्राण्यांच्या पेशींत आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या व्हेरो (जपान, 1962), ऱ्हीसस माकडाच्या एलएलसी-एमके2 आणि हॅमस्टरच्या बीएचके-21 या रुळलेल्या आहेत. व्हेरो पेशी स्वतः पहिल्या प्रकारचे इंटरफेरॉन (विषाणूविरुद्ध इशारा देणारे प्रथिन) बनवू शकत नाहीत, हे त्यांच्या ग्रहणशीलतेचे एक कारण मानले जाते. पेशींच्या थरात विषाणूने पाडलेले डाग मोजून विषाणूचे प्रमाण ठरवणाऱ्या प्लाक चाचणीला या तिन्ही चालतात. पण रुग्णाच्या नमुन्यातून थेट विषाणू मिळवण्यात त्या सी6/36 च्या मागे पडतात. शिवाय बीएचके-21 मध्ये वारंवार वाढवलेल्या विषाणूच्या ई-प्रथिनात (बाहेरील आवरणाच्या प्रथिनात) पेशीच्या पृष्ठभागावरील हेपरान सल्फेट या शर्करारेणूला घट्ट चिकटणारे बदल निवडले जातात. अशा विषाणूची ग्रहणशीलता मोजताना मूळ विषाणूपेक्षा त्याच्या प्रयोगशाळेतील सवयीच मोजल्या जाण्याचा धोका असतो.

मानवी रक्तकर्करोगाच्या के562 पेशी एरवी डेंग्यूला फारशी दाद देत नाहीत. विरळ केलेले प्रतिपिंड मिसळले की पेशीवरील प्रतिपिंड पकडणाऱ्या एफसी-ग्राहीमार्गे विषाणू आत शिरून संसर्ग वाढतो. आधीच्या संसर्गाची प्रतिपिंडेच दुसऱ्या संसर्गात आजार गंभीर करतात, या संशोधक स्कॉट हॅल्स्टेड यांच्या मताला अशा प्रयोगांचा आधार मिळतो. ‘राजी’ नावाच्या मानवी लसिकापेशींत डीसी-साइन हा विषाणू पकडणारा ग्राही घातल्यावर त्याही ग्रहणशील होतात, म्हणजे त्यांच्यात अडसर मुख्यतः प्रवेशाचा आहे. उंदरात तो पेशीच्या आत आहे. विषाणूचे एनएस5 हे प्रथिन इंटरफेरॉनचा इशारा पुढे नेणारे मानवी स्टॅट2 प्रथिन नष्ट करते, उंदराचे नाही. तसेच विषाणूचे प्रथिन तोडणारे विकर (प्रथिनभेदक) संसर्गाची चाहूल देणारे मानवी स्टिंग प्रथिन तोडते, उंदराचे तोडत नाही.

डुकराच्या मूत्रपिंडाच्या पीएस पेशी प्लाक चाचणीसाठी वापरात होत्या. फळमाशीच्या पेशींत विषाणूला आधी रुळवून घ्यावे लागते.