काळ्या तेलात चांदी

घोरपडी असो की कल्याण, डिझेल लोको शेड, म्हणजे रेल्वेची डिझेल इंजिनं तपासण्या-दुरुस्तीची जागा म्हटली की तेल तपासणारी प्रयोगशाळा आलीच. इंजिन तपासणीला आलं की ते गरम असतानाच बाटलीभर वंगण काढून इकडे पाठवतात. गरमच का? बंद पडून थंड झालेल्या इंजिनात धातूची पूड तळाशी बसते आणि वरवरचा नमुना उगाच निर्दोष ठरतो.

पहिली चाचणी स्वयंपाकघरातलीच वाटावी. तापलेल्या पत्र्यावर तेलाचा थेंब टाकायचा. फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडला, तर तेलात पाणी शिरलंय. पण चालत्या इंजिनात तेल असं तापतं की थोडंथोडकं पाणी वाफ होऊन निघूनही जातं, आणि थेंब गप्प राहतो. तरी चोरी पकडली जाते. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात गंज रोखणारी रसायनं घातलेली असतात. पाणी उडालं तरी त्यांतलं सोडियम, बोरॉन तेलातच राहतं.

ते हुडकायला स्पेक्ट्रोमीटर लागतो. तेलात बुडून वर येणारी ग्राफाइटची चकती फिरत असते, तिच्या कडेवर विजेची ठिणगी पडते, आणि हजारो अंशांच्या उष्णतेत प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाचा प्रकाश टाकतं. मिठाचं पाणी उतू गेल्यावर गॅसची ज्योत पिवळी होते, ती याच सोडियममुळे. अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेने १९४० च्या दशकात ही युक्ती डिझेल इंजिनांवर प्रथम वापरली. विमानवाल्यांनी ती पुढे उचलली.

आपल्याकडच्या जुन्या अल्को या अमेरिकी बनावटीच्या इंजिनांच्या तेलात तांबं-शिसं वाढलं, तर संशय बेअरिंगवर. लोखंड आणि क्रोमियम वाढलं, तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचं अस्तर (लायनर) घासतायत. सिलिकॉन म्हणजे बहुधा धूळ, एअर फिल्टर बघा. ईएमडी या दुसऱ्या अमेरिकी जातीच्या इंजिनांत चक्क चांदी शोधतात, कारण त्यांच्या पिस्टनपिनच्या (पिस्टनला दांड्याशी जोडणाऱ्या खिळीच्या) बेअरिंगवर चांदीचा थर असतो. मोटारीच्या तेलात सर्रास असणारं जस्ताचं रसायन हा थर खातं, म्हणून या इंजिनांना बिनजस्ताचं तेल लागतं. चुकीचा एक डबा ओतला, तर चांदी गेलीच.

खरी अक्कल लागते आकडे वाचायला. इंजिन थोडं तेल जाळतं, मग वरून नवं ओतावं लागतं, आणि त्या भरीने धातूचं प्रमाण आपोआप खाली येतं. आकडा उतरला म्हणून खूश झालेला माणूस फसतो. मागचे पाच-सहा नमुने आणि मध्ये किती तेल घातलं याची नोंद शेजारी ठेवल्याशिवाय त्या कागदाला काडीचा अर्थ नाही, असं माझं मत.

शिवाय यंत्राला बारीक पूडच दिसते, साधारण आठ-दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतली. बेअरिंगचा टवका उडाला तर तो ठिणगीत नीट जळतच नाही, आकडा शांत राहतो. तो सापडतो फिल्टर कापून उघडल्यावर, बोटाला टोचतो तेव्हा.

आता डिझेल शेडांत विजेची इंजिनंही येऊ लागली आहेत. त्यांच्या ट्रान्सफॉर्मरमध्येही तेल असतं, मात्र तिथे धातूऐवजी विरघळलेले वायू मोजतात. हायड्रोजन थोडाफार चालतो. ॲसिटिलीन, म्हणजे गॅस वेल्डिंगवाल्याच्या नळकांड्यातला वायू, दिसला, तर मात्र आत कुठेतरी ठिणग्या उडतायत, आणि ते इंजिन गाडीला जोडण्याआधी ट्रान्सफॉर्मर तपासावा लागतो.