मेयोतला मृत्यू कोणत्या गावाचा?

इतर गावांत ‘मेडिकल’ म्हणजे औषधाचं दुकान. नागपुरात मेडिकल म्हणजे मोठं सरकारी रुग्णालय. तिथे किंवा मेयो या दुसऱ्या सरकारी रुग्णालयात बाकड्यावर बसलेल्यांना गाव विचारा: भंडारा, गोंदिया, गडचिरोली, अगदी मध्य प्रदेशातलं बालाघाटही निघेल. यांतलं कुणी उपचार चालू असताना दगावलं, तर नोंद नागपुरातच होते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याला घटना कुठे घडली याच्याशी मतलब. माणूस राहायचा कुठे, हे नंतर.

दाखला काढायला ही सोय बरी आहे. पण याच नोंदी मोजून नागपूरचा मृत्युदर काढला की गणित फसतं. अंशात बाहेरगावचेही मृत, छेदात मात्र फक्त नागपूरकर, तेही २०११ च्या जनगणनेतले सुमारे २४ लाख. नागपूर उगाच आजारी दिसतं आणि बालाघाट ठणठणीत!

म्हणून हे आकडे टाकाऊ ठरत नाहीत. डेन्मार्कने तर १९८१ मध्ये घरोघर न फिरता, सरकारी नोंदींवरूनच जनगणना केली. तिथे प्रत्येकाला एक क्रमांक असतो आणि पत्ता बदलला की कळवावं लागतं. आपल्याकडे निदान मृत्यूच्या अर्जात कायदेशीर भागाशिवाय एक सांख्यिकी भाग असतो. त्यात मृताच्या राहत्या गावाचा रकाना आहे. तो नीट भरला असेल, तर मोजणीपुरता तो मृत्यू आपल्या गावी परत धाडता येतो. पण त्या घटकेला कोण रकाने वाचतो? नागपूरच्या भाच्याचा पत्ता दिला की झालं.

खरी कसोटी दोन दफ्तरं जोडताना लागते. एकीकडे ‘वानखेडे’, दुसरीकडे ‘वानखडे’, जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. माणूस एकच का? यावरचा गाजलेला सिद्धांत इव्हान फेलेगी आणि अॅलन संटर यांनी कॅनडात मांडला, योगायोगाने १९६९ मध्येच. जुळलेल्या प्रत्येक गोष्टीला गुण द्यायचे, न जुळल्यास कापायचे. पण सगळ्यांना सारखे नाहीत. विदर्भात ‘मेश्राम’ जुळलं तर थोडेच गुण, कारण मेश्राम गल्लोगल्ली. क्वचित ऐकू येणारं आडनाव जुळलं, तर भरपूर. बेरीज एका रेषेवर गेली की माणूस एक, दुसऱ्या रेषेखाली राहिली की दोन. मधे अडकलेल्या जोड्यांचा गठ्ठा मात्र डोळ्यांनी तपासायला कारकुनाच्या टेबलावर जातो.